लेनिनचं वर्तमानपत्र आणि लेनिनचा पक्ष

परांची: लेनिनचा पक्ष एका वर्तमानपत्रातून उभा राहिला आणि पुढच्या मुस्कटदाबीचं बीही तिथेच पडलं, असं माझं ठाम मत झालंय. १९०१ मध्ये त्यानं लिहिलं की पत्र नुसता प्रचार करत नाही, संघटनाही बांधतं. इमारतीभोवती परांची उभारतात तसं. कल्पना जबरदस्त होती. पत्राचं नाव 'इस्क्रा', म्हणजे ठिणगी. परदेशात पातळ कागदावर छापायचं, दुहेरी तळाच्या पेट्यांतून रशियात न्यायचं. वाटणारे हात तेच पक्षाचे कार्यकर्ते. पण पक्षाच्या १९०३ च्या अधिवेशनात त्यानं सहा संपादकांचे तीन करायला लावले. वगळलेल्यांत वेरा झासुलिच होती. १८७८ मध्ये पीटर्सबर्गच्या गव्हर्नरवर गोळी झाडणारी बाई! पक्षाची पकड संपादकावर बसली, ती पुढे प्रत्येक लेखणीवर बसली.

लाल शाई: मुळीच पटलं नाही. ते तीन संपादक अधिवेशनानं मतदानानं निवडले होते. पत्र पक्षाचं, मग प्रतिनिधींना उत्तर कोण देणार? आणि पुढचं का गाळलंत? सहसंपादक प्लेखानोव्हला वगळलेल्या जुन्यांना परत घ्यायचं होतं, तेव्हा त्याच वर्षी लेनिन स्वतः संपादकपद सोडून गेला. शिवाय काळ बघा. रशियातून येणारी गुप्त शाईतली पत्रं लेनिनची बायको क्रुप्स्काया आचेवर धरायची, तेव्हा कुठे अक्षरं उमटायची. खोलीत जळक्या कागदाचा वास असायचा. एक पत्र पोलिसांच्या हाती लागलं की माणसं थेट सैबेरियात. तिथे शिस्त नको तर काय?

परांची: झारच्या काळातली शिस्त मला मान्य आहे. पण मार्क्सवादी क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गनं १९०४ मध्येच बजावलं होतं की अशा रचनेत विचार करायचं काम फक्त मध्यवर्ती समितीकडे उरेल. ती काही लांबून बोलणारी नव्हती, झारच्या ताब्यातल्या पोलंडमध्येच वाढलेली. आणि १९१७ मध्ये लेनिनच्या हाती सत्ता आल्यावर? दोन दिवसांत वृत्तपत्रं बंद करायचा हुकूमनामा. परिस्थिती सुरळीत होताच निर्बंध उठतील, असं त्यातच लिहिलं होतं. जुलै १९१८ मध्ये लेखक गॉर्कीचं वर्तमानपत्र बंद झालं. यादवी संपली, लेनिन जानेवारी १९२४ पर्यंत जगला, निर्बंध राहिलेच.

गिरणगाव: मध्येच बोलतो. १९०८ मध्ये टिळकांना 'केसरी'तल्या लेखांवरून सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. लेनिननं त्या शिक्षेवर कडाडून टीका केली आणि त्या संपाचं स्वागत केलं. लेखासाठी संपादकाला तुरुंगात घालणं हा अन्याय आहे, हे त्याला कळत होतं. म्हणून पुढे त्यानंच पत्रं बंद केली, हे जास्त जिव्हारी लागतं.

लाल शाई: टिळकांसमोर परकी सत्ता होती. १९१७ मधली बडी पत्रं भांडवलदारांच्या पैशावर चालत होती. कागद त्यांचा, छापखाने त्यांचे. त्यावर लेनिनकडे उपाय होता. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यानं मांडलं की कागद आणि छापखाने सरकारनं घ्यावेत, पक्षांना मतांच्या बळावर वाटावेत, ठरावीक सह्या जमवणाऱ्या छोट्या गटालाही वाटा द्यावा. अशी योजना कुठल्या भांडवली देशानं केली?

परांची: ती योजना मलाही मनापासून आवडते. त्या नियमानं एखाद्या विरोधी गटाला कागद मिळाल्याचं एक उदाहरण द्या, मी माझं म्हणणं मागे घेईन.