मदत हवी आहे : होडीसाठी ३१६ स्टीलच्या पट्ट्या कुठं मिळतील?

नमस्कार मंडळी. घरीच प्लायवूडची १६ फुटी शिडाची होडी बांधतोय, उतरवणार कारवारला. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्या बेळगावातच करून घ्यायच्या आहेत. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत विचारलं तर सगळे ३०४ पुढं करतात (३०४ आणि ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या प्रती). खाऱ्या पाण्यात ३१६च हवं; त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळं ते मिठातल्या क्लोराइडपुढं जास्त टिकतं. चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून टेस्ट सर्टिफिकेटसह ५ मिलिमीटर जाडीची पट्टी, तीही थोडीच, कोण देईल?

शिवाय ३१६एल (कमी कार्बनचं ३१६) रॉडनं टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणातलं) आणि नंतर अ‍ॅसिड पिकलिंग (वेल्डवरचा थर रसायनानं काढणं) करणारा कारागीर मच्छे गावाकडं वगैरे कुणाच्या ओळखीत आहे का? नुसतं बफिंग (घासून चकाकी आणणं) नको. वेल्डजवळचा निळा-तपकिरी थर राहिला की गंज तिथंच धरतो. माणसांचा जीव या पट्ट्यांवर असतो. कुणी असं काम करून घेतलं असेल तर सांगा की.