कोक ओ व्हँ पहिल्यांदाच करतेय, शनिवारच्या आत मदत हवी आहे

दहीपोहे:
मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या फ्रान्समध्ये, दिजोंला राहतो. शेजारच्या आजी-आजोबांनी आठवडी बाजार दाखवण्यापासून कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा इथपर्यंत सगळं शिकवलं. शनिवारी त्यांना जेवायला बोलावलंय. नवरा म्हणतो, सरळ रस्सा-भात कर. पण आजींना मिरीसुद्धा झोंबते! म्हणून इथलाच पदार्थ करावा म्हटलं, कोक ओ व्हँ, म्हणजे रेड वाईनमधली कोंबडी. चिकन मी डोळे मिटून करते, पण वाईन भांड्यात ओतायची ही पहिलीच वेळ.

अडलंय ते असं. खाटकाकडे खरा 'कोक', म्हणजे थोराड कोंबडा, आधी सांगून ठेवावा लागतो. साधी कोंबडी चालेल का? एका रेसिपीत पाऊण तास लिहिलाय, दुसरीत तीन तास! आमच्याकडे पोर्क कुणी खात नाही, मग लार्दोंऐवजी, म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाच्या काड्यांऐवजी, काय घालू? कोन्याक, म्हणजे इथली ब्रँडी, ओतून पेटवायचं म्हणे, ते भाड्याच्या घरात करायला धीर होत नाही. बिडाचं भांडं नाही, भारतातून आणलेला कुकर आहे. वाईन किती भारी हवी? इथल्या बर्गंडी भागातल्या वाईनच्या बाटल्यांच्या किमती बघून पोटात गोळा आला. आणि आलं-लसूण पेस्ट अजिबातच नाही का?

खमंगकाकू:
अगं, तुझं वेळेचं कोडं कोंबड्यापाशीच सुटतंय. हा पदार्थ मुळात म्हाताऱ्या, चिवट कोंबड्याचा. वाईनमध्ये रात्रभर मुरवायचं, मग तासन् तास मंद आचेवर. आपल्याकडे जून गावठी कोंबडा दाताला लागू नये म्हणून करतो तसलाच खटाटोप. तीन तास त्याचे, पाऊण तास कोवळ्या कोंबडीचा. तू 'लाबेल रूज' या दर्जाच्या सरकारी खुणेचा शिक्का असलेली फेर्मिए, म्हणजे शेतावर वाढवलेली, कोंबडी घे. ती किमान 81 दिवस वाढवलेली असते, शिजताना लगदा होत नाही. नुसत्या तंगड्याच घेतल्यास तर उत्तम, पाऊण ते एक तासात होतात. छातीचे तुकडे तोवर कोरडे पडतात.

दीडेक किलोला एक बाटली पुरते. बर्गंडीची पिनो न्वारच हवी असं काही नाही. साधी कोत द्यु रोन ही रेड वाईन चालते, फक्त ग्लासात प्यायला बरी लागेल अशी घे. आंबट वाईन आटली की आणखी आंबट होते. गाजर, कांदा, ठेचलेला लसूण, थाईम, तमालपत्र घालून तुकडे रात्रभर बुडवून ठेव. आलं मात्र नको बाई, आजी पहिल्या घासाला ओळखतील!

सकाळी तुकडे निथळून फडक्याने अगदी कोरडे कर. ओले टाकलेस तर वाफ धरतात आणि रंग येत नाही. वाईनमध्ये राहून ते जांभळे-करडे दिसतील, घाबरू नकोस. लोणी-तेलात बदामी परतल्यावर सगळं झाकलं जातं. मग चमचाभर मैदा भुरभुरव आणि मुरवणातली वाईन गाळून घाल. छोटे ग्रेलो कांदे आणि मशरूम वेगळ्या तव्यावर लोण्यात परतून शेवटच्या दहा मिनिटांत टाक. पहिल्यापासून टाकलेस तर मशरूमचं चामडं होतं. मीठ सगळ्यात शेवटी. लार्दोंऐवजी सुपरमार्केटात टर्कीच्या धुरावलेल्या काड्या मिळतात, 'दँद' (टर्की) लिहिलेलं बघ. त्यांना चरबी सुटत नाही, म्हणून लोणी सढळ हाताने.

धुरंधर:
पेटवायचं सोडून द्या, बिघडत काही नाही. कोन्याक टाकून दोन मिनिटं उकळू दिलं की झालं. करायचंच असेल तर आधी चिमणी बंद करा. तिच्या जाळीत साठलेलं तेल पेट घेतं. बाटलीतून थेट ओतू नका, वाटीतून ओता. इथे 2015 पासून प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे, पाहुण्यांसमोर तो कोकलला तर रंगत वाढेल, पण वेगळी!

कुकरला शिट्टी लावू नका. वाईन आटत नाही, कच्चा वास कोंडून राहतो. स्टीलचा असेल तर त्याचंच भांडं घ्या, वर ताट थोडं उघडं ठेवून झाका. ॲल्युमिनियमचा असेल तर नकोच, वाईनच्या आंबटपणाने धातूची चव उतरते.

दहीपोहे:
काकू, धुरंधर, खूप आभार! कुकर स्टीलचाच आहे. आता दोनच शंका. तमालपत्र घरचं, गोव्याहून आणलेलं आहे, तेच घालू? आणि मुलगी सात वर्षांची आहे. शिजल्यावर दारू उडून जाते ना?

खमंगकाकू:
ते तमालपत्र बिर्याणीला ठेव. आपलं पान दालचिनीच्या कुळातलं, वासही तसाच गरम. इथलं तमालपत्र म्हणजे लॉरिए, ते वेगळंच झाड. भाजीवाल्याकडे बुके गार्नीची, म्हणजे लॉरिए-थाईम वगैरे सुगंधी पाल्याची, बांधलेली जुडी मिळते, तीच आण.

दारूचं म्हणशील तर पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात तासभर शिजवल्यावर पाव हिस्सा आणि दीड तासाने पाचवा हिस्सा उरतो असं दिलंय. लेकीसाठी दोन तंगड्या वाईनआधीच बाजूला काढ, चिकन स्टॉक आणि त्याच मशरूममध्ये शिजव.

आणि हे सगळं शुक्रवारी करून ठेव. शिळा रस्सा कसा मुरतो ते तुला सांगायला नको. शनिवारी गरम करताना रस पातळ वाटला तर लोणी आणि मैदा समसमान, प्रत्येकी 25 ग्रॅम, बोटांनी मळून थोडं थोडं सोड. कॉर्नफ्लॉवर नको, चिनी सूपसारखी चकाकी येते. सोबत उकडलेले बटाटे किंवा ताजा ताल्यातेल, म्हणजे पट्ट्यांचा पास्ता. पाव भरपूर आण, आजोबा ताट पुसून खाणार.