बाबांची एफडी आणि काकांचे माग, मधला पैसा जातो कुठं?

इचलचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. एमपीएससीसाठी अर्थव्यवस्था वाचतोय, सगळ्या नोट्समध्ये एकच साखळी आहे की घरातली माणसं बचत करतात, ती बँकेत जाते, बँक उद्योजकाला कर्ज देते, कारखाना निघतो. आता आमच्या घरातलंच बघा. बाबा रिटायर झाले, आलेली सगळी रक्कम एफडीत. आणि सख्खे काका इचलकरंजीत खर्चीवाले यंत्रमागधारक, म्हणजे व्यापारी बिमं (सूत गुंडाळलेले रूळ) देतो, विणून कापड त्यालाच परत द्यायचं, मजुरी पिकावर, म्हणजे कापडात आडवे धागे किती पडले त्यावर. २४ साधे माग हायत. मागच्या महिन्यात बँकेची माणसं स्वतःहून घरी आली, रेपियर (धोट्याशिवाय चालणारे नवे वेगवान माग) घ्या, कर्ज करून देतो म्हणून. काका चहा पाजून नको म्हणाले! म्हणजे बचत आहे, बँक द्यायला तयार आहे आणि घेणाराच घेत नाही. त्यात क्लासचे सर म्हणतात की २०२२-२३ मध्ये घरगुती निव्वळ वित्तीय बचत जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतला नीचांक, म्हणून खाजगी गुंतवणूक वाढत नाही. मग काकांचं काय? त्यांना पैसा कमी पडतोय असं तर दिसत नाही.

रिटायर्ड_कॅशियर:
प्रश्न बाळबोध अजिबात नाही, उलट सरांनाच विचारा. ३४ वर्षं बँकेत काढली म्हणून सांगतो, आधी ठेव येते आणि मग त्यातूनच कर्ज जातं हे अर्धंच खरं. काकांना १० लाख मंजूर झाले की ते रेपियर विकणाऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि त्याच्या बँकेची ती नवी ठेव होते. कर्जातूनही ठेव जन्माला येते बाबा. ठेवी लागतात, नाही असं नाही, पण कारखाना अडतो तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकावाचून.

आता बाबांची एफडी कुठे गेली ते. मी नोकरीत स्थिरावलो तेव्हा, १९९० च्या सुमारास, एसएलआर (ठेवींचा जो भाग मुख्यतः सरकारी रोख्यात ठेवावाच लागतो) ३८.५ आणि सीआरआर (जो रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो) १५ टक्के होता, म्हणजे १०० रुपये ठेव आली की निम्म्याहून जास्त सरकारी रोख्यात नाहीतर रिझर्व्ह बँकेत. उरलेल्यातून शेती, लघुउद्योग वगैरे अग्रक्रमाची कर्जं. आता एसएलआर १८ आहे, सीआरआर तर अगदीच कमी, बँकेचा हात मोकळा आहे. पण २००४ ते २०११ या काळात वीज, पोलाद, रस्ते असल्या मोठ्या प्रकल्पांना जी भरमसाट कर्जं वाटली ती बुडीत निघाली, मार्च २०१८ ला ढोबळ एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या वर. त्यानंतर साहेब लोक उद्योगाचं नाव काढलं की दचकायचे. मग होमलोन, गाडी, सोनेतारण, पर्सनल लोन. आज रिटेल कर्जांचा वाटा उद्योगांच्या कर्जापेक्षा मोठा आहे. तुमच्या बाबांची एफडी बहुधा पुण्यातल्या कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये राहायला गेलीय.

आणि तो ५ टक्केवाला आकडा निव्वळ आहे, म्हणजे देणी वजा करून. २०२०-२१ ला लॉकडाऊनमध्ये खर्चच नव्हता म्हणून तो ११ च्या वर गेला होता. नंतर घसरला त्याचं मोठं कारण म्हणजे लोकांनी कर्जं काढली.

वाकडचा_ईएमआयवाला:
काका, तो फ्लॅट माझाच 😄 २० वर्षांचं होमलोन, सध्या ७ वं चालू. पण एक सांगतो, नवीन फ्लॅट घेतला की सरकारी हिशेबात ती गुंतवणूकच धरतात, म्हणजे घरगुती बचत दिसत नाही म्हणतात ती वीट-सिमेंटमध्ये असते. माझ्या सासऱ्यांनी तळेगावला एनए प्लॉट घेतला ती मात्र गुंतवणूक नाही, जमीन आधीपासून तिथंच होती, फक्त सातबाऱ्यावरचं नाव बदललं. (हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.)

शिवाय मी एसआयपी करतो (दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात) आणि मित्र मला देश घडवतोयस म्हणतात, तेही तपासून बघितलं. सेकंडरी मार्केटमध्ये, म्हणजे आधीच कुणाकडे असलेला शेअर बाजारातून, मी घेतला तर पैसे विकणाऱ्याला जातात, कंपनीला एक रुपया नाही. आयपीओतही तेच असू शकतं, ऑक्टोबर २०२४ चा ह्युंदाईचा २७,८७० कोटींचा आयपीओ पूर्ण ऑफर फॉर सेल होता, म्हणजे नवे शेअर नाहीत, जुन्या मालकानं आपलेच विकले, सगळा पैसा कोरियातल्या मूळ कंपनीकडे. त्यात चूक काही नाही, पण त्या पैशातून इथं मशीन बसलं असं समजू नये. आणि स्वस्त पैशानं गुंतवणूक वाढते म्हणावं तर सप्टेंबर २०१९ ला कंपनी कर ३० वरून २२ वर आणला, नवीन कारखान्यांना १५. कंपन्यांनी कर्जं फेडली, कॅश जमवली, मशीनं मात्र अपेक्षेएवढी काही आली नाहीत.

बचतगटवाली_ताई:
तुमचं मोठमोठं चाललंय, मी आपलं खालचं सांगते. आमचा १२ बायकांचा गट, महिन्याला २०० रुपये, आतल्या आत कर्ज, शेकडा दोन. ११ वर्षं वही मी लिहिते. शेळ्या आणि शिलाई मशीन यासाठी कर्ज घेतलं म्हणून आमचे फोटो निघतात, पण वहीत सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलंय माहितीये का, दवाखाना. मग पोरांची फी. लोक विचारतात बायका बचत धंद्यात का घालत नाहीत, अहो ती बचत नाहीच मुळी, ती न आलेल्या आजारपणाची तयारी आहे, ती कशी अडकवून ठेवणार, रात्री दोनला रिक्षा बोलवायची तर हातात पैसे पाहिजेत. एकीनं पिठाची गिरणी टाकली, चांगली चालते, पण ती नवऱ्याला पगार सुरू झाल्यावर, त्याच्या आधी चार वर्षं नुसतं टाकायचं टाकायचं म्हणत होती.

इचलचा_पोरगा:
ताई, हे काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले बाई शहाणी हाय. मग मी मुद्दाम विचारलं की नेमकं का नको. त्यांचं म्हणणं, "चार रेपियर घेतले तर हप्ता दर महिन्याला, आणि कापडाला उठाव वर्षातनं किती महिने? आत्ता हायत ते माग आठवड्यातनं दोन दिवस बिमाची वाट बघत उभे असत्यात. व्यापाऱ्यानं वर्षभराचं काम लिहून द्यावं, उद्या जातो बँकेत." व्याजाचा विषयच काढला नाही त्यांनी, मीच काढला तर म्हणाले अर्धा टक्का इकडंतिकडं झाल्यानं कापड खपतंय व्हय. आणि हो, कॅशियरकाका, काकांनी माग घेतले तर ती खाजगी गुंतवणूक धरतात ना?

रिटायर्ड_कॅशियर:
खाजगी आहेच, पण कंपन्यांच्या रकान्यात नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात काकांसारखे प्रोप्रायटर, छोट्या भागीदारी पेढ्या बहुतेक 'घरगुती क्षेत्रा'तच मोडतात. तुमच्या बाबांची एफडी आणि काकांचे माग, दोन्ही एकाच खात्यात. परीक्षेत हमखास चुकतं हे.

काकांचं उत्तर फारच नेमकं आहे, उभ्या मागाशेजारी नवा माग कोण आणून ठेवेल. बाकी मला एक वेगळीच काळजी, बाबांची एफडी बँकेतच आहे ना? पतसंस्थेत नाही ना? बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही.

इचलचा_पोरगा:
बाबा 'बँक' म्हणतात पण पावतीवर पतसंस्था लिहिलंय. आत्ताच कपाट उघडून बघितलं. पाऊण टक्का जास्त मिळतंय म्हणून ठेवलीय म्हणे. जेवण झाल्यावर बोलतो त्यांच्याशी.