तीर्थदर्शनाचा निधी ज्येष्ठांच्या घरांकडे वळवावा का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. वय साठीच्या पुढे, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि माणशी कमाल ३० हजार रुपये. माझं म्हणणं असं, की पुढची काही वर्षं हा पैसा जिल्ह्याच्या गावी ज्येष्ठांसाठी परवडणारी भाड्याची घरं बांधायला वापरावा. वृद्धाश्रम म्हणत नाहीये मी, घरं म्हणतोय. स्वतःचं दार, स्वतःची कडी, दोन शेगड्या मावतील एवढा ओटा.

हिशेब साधा आहे. हजार माणसांची यात्रा कमाल दराने ३ कोटींना पडते. जागा सरकारी धरली आणि ३०० चौरस फुटांचं खोली-स्वयंपाकघर सात लाखांत उभं राहतं असं धरलं, तर तेवढ्यात चाळीसेक घरं होतात. आणि हे काही उपकार नव्हेत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निवारा सांगितलेला आहे, तोही जायला-यायला सोयीच्या ठिकाणी. दीड तप उलटलं त्याला.

आमच्या गल्लीत एक जोडपं भाड्याने राहतं. काका एका कारखान्यात वॉचमन होते, पेन्शन नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलायची, हे ठरलेलंच. यंदा टेम्पोत सामान चढलं आणि काकू देव्हारा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या. नव्या घरमालकाने डिपॉझिटचं नंतर काढलं. आधी विचारलं, "रात्री-अपरात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा?" अयोध्या दाखवली तर दोघं हरखून जातील, वाद नाही. पण परत येऊन उतरायचं कुठे?

इंद्रायणी

असहमत, आणि जोरदार असहमत.

पैसे वळवायची वेळ आली की नेमकी गरिबाच्याच वाट्याची योजना कशी दिसते सगळ्यांना? चौकाचौकातल्या कमानी, दर दोन वर्षांनी उखडून परत बसवलेले पेव्हर ब्लॉक, दुभाजकावर लावून वाळलेली झाडं, यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. गरिबाच्या ताटातला गोडाचा घास काढायचा आणि त्यालाच भाजी म्हणून वाढायचा, असला हा प्रकार आहे.

माझ्या नात्यातल्या एक आजी आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबल्या. तालुका सोडून गेल्या त्या फक्त बाळंतपणाला आणि मयताला. रेल्वेत बसायची त्यांची पहिली वेळ वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आली. परत आल्यावर पंधरा दिवस शेजारपाजारच्या बायका त्यांच्याकडे प्रसाद मागायला येत होत्या आणि त्या खुर्चीत बसून सगळं सांगत होत्या. एरवी त्या घरात खुर्ची सुनेची असते. याची किंमत तुमच्या चौरस फुटांच्या हिशेबात कुठे बसवणार, गोदाकाठ?

फावडं_घमेलं

@इंद्रायणी, भावना समजली. पण ७५ पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बायकांना तर मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर तेवढ्यात होतं. घर मात्र अर्ध्या तिकिटात मिळत नाही.

गोदाकाठ, तुमचे सात लाख कमी आहेत. मी बांधकामातला माणूस. ज्येष्ठांसाठी बांधायचं तर लिफ्ट हवी, तीही स्ट्रेचर आत जाईल एवढी. जिन्याबरोबर रॅम्प, व्हीलचेअर वळेल असा रुंद पॅसेज, संडासात पकडायला दांड्या आणि बाहेर उघडणारं दार. आत माणूस पडला तर आत ढकलायचं दार त्याच्या अंगालाच अडतं, हे बहुतेक नकाशे काढणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. सगळं धरलं तर ३०० चौरस फुटांच्या घरामागे साडेचारशेच्या वर बांधकाम जातं. चाळीस नाही, पंचवीस-सत्तावीस घरं म्हणा.

माजी_लेखाधिकारी

चर्चा चालू द्या, पण "वळवा" म्हटलं की वळत नाही, एवढं नमूद करतो.

तीर्थदर्शनाचा खर्च महसुली, म्हणजे चालू खर्च आहे; इमारत भांडवली, म्हणजे टिकाऊ मालमत्तेचा खर्च. अर्थसंकल्पात ही दोन वेगळी घरं आहेत आणि मधली भिंत कोणा सचिवाला पाडता येत नाही. पुनर्विनियोजन (मंजूर पैसा एका कामावरून दुसऱ्यावर फिरवणं) होतं ते एकाच मागणीच्या, म्हणजे विधिमंडळाने एकत्र मंजूर केलेल्या खर्चाच्या गटाच्या आत. महसुलीतून भांडवलीत किंवा एका मागणीतून दुसऱ्या मागणीत जायचं तर पुरवणी मागणी मांडून विधिमंडळाची मंजुरीच घ्यावी लागते. मार्च अखेरीला अखर्चित रक्कम समर्पित होते (खातं ती परत करतं), नाहीतर व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द. ती कुठे गठुळ्यात बांधून ठेवलेली नसते, की पुढच्या वर्षी घरांसाठी सोडली.

म्हणजे प्रत्यक्षात तुमची मागणी अशी आहे, की एका योजनेची तरतूद कमी करा आणि नवीन भांडवली लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) उघडा. पहिलं लगेच होईल. दुसरं होईलच याची खात्री मी तरी देणार नाही. यात्रा बंद आणि घरंही नाहीत, असे शेवट मी नोकरीत पाहिले आहेत.

अजिंक्यतारा

माजी_लेखाधिकारी यांच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा.

बांधायला पैसे मिळतात हो. १९९५ च्या युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम काढलेच की जिल्ह्याजिल्ह्यांत. काही अजून चांगले चालतात, चालवणाऱ्या संस्थेच्या जिवावर. घोडं अडतं ते बांधल्यानंतर. अनुदानित वृद्धाश्रमांना परिपोषण अनुदान बरीच वर्षं माणशी महिना ९०० रुपये होतं. दिवसाचे तीस. त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि औषधं बसवून दाखवा.

एका वृद्धाश्रमात मी चार वर्षं दर रविवारी बीपी तपासायला जात होतो (नाव लिहीत नाही). इमारत देखणी, पुढे बाग, कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव. जागा गावाबाहेर नऊ किलोमीटर, कारण गायरान तिथेच मोकळं होतं. शेवटची एसटी संध्याकाळी सहाची. मेडिकल नाही, एटीएम नाही, देऊळसुद्धा नाही. पेन्शन काढायला बँकेत जायचं तर सहा जणांनी वर्गणी काढून वडापची जीप सांगायची. खोल्या रिकाम्या पडायला लागल्या, आणि मग वर कळवलं गेलं की "प्रतिसाद नाही".

त्यामुळे निधीच्या आधी जागेचं बोला. ज्येष्ठांना निसर्गरम्य परिसर लागतो, हे खूळ कोणी काढलं देव जाणे. त्यांना लागतो दवाखाना, किराणा, रिक्षा स्टँड आणि भांडायला चार ओळखीची माणसं.

हडसनपार

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे अमेरिकेत ज्येष्ठांच्या स्वस्त घरांची 'सेक्शन २०२' नावाची केंद्रीय योजना १९५९ पासून आहे. वय ६२ च्या पुढे, उत्पन्न कमी, भाडं उत्पन्नाच्या ३० टक्के. बांधणारी संस्था ना-नफा असते. तिला बांधकामाचे पैसे मिळतात ते परत करायचे नसतात, अट एकच, की चाळीस वर्षं ती घरं गरीब ज्येष्ठांसाठीच ठेवायची. आणि भाडेकरू देतो ते भाडं आणि इमारत चालवायचा खर्च यातला फरक सरकार वेगळ्या करारातून भरतं. अजिंक्यतारा म्हणतात तो खड्डा तिथे योजनेतच बुजवलेला आहे.

तरी रामराज्य आहे असं समजू नका. प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षं हलत नाही. आणि जागेचा वाद तर विचारूच नका. मॅनहॅटनमध्ये एलिझाबेथ स्ट्रीटवर शहराच्या मालकीची एक एकरभर जागा आहे. तिथे ज्येष्ठांसाठी १२३ घरं व्हायची होती. पण त्या जागेवर लोकांनी वर्षानुवर्षं जपलेली बाग होती. दहा-बारा वर्षं वाद आणि कोर्टकज्जे चालले. शहर कोर्टात जिंकलं, आणि जून २०२५ मध्ये महापौरांच्या प्रशासनाने घरांची योजनाच सोडून दिली. बदल्यात आसपासच्या तीन जागांवर ६२० हून जास्त घरं होतील, असं सांगितलं. बाग वाचवणाऱ्यांत नावाजलेले कलाकार होते. घरांची वाट पाहणाऱ्यांच्या बाजूने फोटो काढून घ्यायला फारसं कोणी नव्हतं.

फावडं_घमेलं

३० टक्के भाडं आपल्याकडे लावून बघू. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याला १,५०० मिळतात. त्याचे ३० टक्के ४५०. चाळीस घरांचे झाले १८ हजार. त्यात एक रात्रपाळीचा माणूस येतो, तोही पीएफ वगैरे न धरता. लिफ्टचं बिल, पाण्याची मोटर, टाकी धुणं, सगळं वाऱ्यावर.

आणि केंद्राचा पेन्शनमधला वाटा ८० च्या आतल्यांना अजून २०० रुपयेच आहे. २०० रुपये! त्यावर धागा काढा कोणीतरी.

चाफ्याचं_झाड

मला मूळ कल्पनाच पटत नाही. म्हाताऱ्यांची वेगळी इमारत कशाला? बिल्डिंगमध्ये पोरं खेळणार नाहीत, दिवाळीत किल्ला होणार नाही, चौथ्या मजल्यावर कोण गेलं याचीच चर्चा रोज. माझे आई-वडील असल्या ठिकाणी आठवडाभर राहणार नाहीत.

त्यापेक्षा इमारतीच्या भानगडीत न पडता भाड्याला मदत द्या. ज्येष्ठ भाडेकरूचं डिपॉझिट सरकारने हमी म्हणून ठेवावं आणि भाड्याचा काही हिस्सा थेट घरमालकाच्या खात्यात जावा. खर्च महसुलीच राहील, म्हणजे लेखाधिकारी साहेबांची भिंतही आड येणार नाही. ज्येष्ठ आपल्याच गल्लीत, आपल्याच डॉक्टरजवळ राहतील.

गोदाकाठ

@चाफ्याचं_झाड, मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण आमच्या गल्लीतल्या काकांची अडचण भाड्याची नव्हती. भाडं ते वेळेवर देतात. घरमालकाला धास्ती आहे ती म्हातारा आपल्या खोलीत मरेल याची. सरकारने डिपॉझिट भरलं म्हणून ती धास्ती जात नाही. तुमच्या आई-वडिलांना मुलगी आहे, म्हणून ते असल्या ठिकाणी राहणार नाहीत म्हणू शकतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढची माणसं एक कोटी दहा लाखांच्या वर होती, लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. आता आणखी वाढली असणार. त्यातल्या एकट्यांना कोण विचारतंय?

@अजिंक्यतारा, जागेबद्दल शंभर टक्के. बहुतेक जिल्ह्यांच्या गावी कचेरीजवळ, सिव्हिलजवळ सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या बैठ्या चाळी आहेत. निम्म्या खोल्यांना कुलूप, छपरावर पिंपळ उगवलेले. रस्ता आहे, नळ आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. बिल्डरांचा डोळा तिथेच आहे. २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा उल्लेख आला आहे. तो कागदावरून उतरायचा तर या चाळींपासून सुरुवात व्हावी.

@इंद्रायणी, तुमच्या आजींचं वाचून बरं वाटलं. तरीही माझी मागणी तीच. आजी परतल्या त्या स्वतःच्या घरात.

इंद्रायणी

सुनेच्या घरात परतल्या, एवढी दुरुस्ती. वेगळी खोली मिळाली तर उद्या जातील, मला माहीत आहे. म्हणूनच सांगते, घरं बांधा, पहिली सही माझी. पैसा मात्र यात्रेतून घेऊ नका. आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा आहे, सभामंडप आणि हायमास्ट दिवे सोडून त्यातून किती ज्येष्ठांची खोली झाली ते विचारा आधी.

माजी_लेखाधिकारी

आमदार निधीतून वास्तू होईल, पगार आणि वीजबिल होणार नाही. अजिंक्यतारांचा प्रश्न तिथेही जिवंतच.

गोदाकाठ, खरंच करायचं असेल तर सांगतो. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज द्या, प्रत जिल्हा नियोजन समितीला. यात्रेचा उल्लेख करू नका, विनाकारण विरोधक तयार होतील. जुनी चाळ मागायची तर ती कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे ते प्रॉपर्टी कार्डावर बघून घ्या. बहुधा बांधकाम खातं निघेल आणि ते सहजासहजी सोडणार नाहीत. देखभालीचा वार्षिक खर्च वेगळ्या तक्त्यात दाखवा, बांधकामात मिसळू नका. पुरवणी मागण्या हिवाळी अधिवेशनात घ्यायच्या तर प्रस्ताव दिवाळीच्या बराच आधी मंत्रालयात पोचायला हवा.

गोदाकाठ

प्रॉपर्टी कार्डासाठी सोमवारी भूमापन कार्यालयात जातोय. फावडं_घमेलं, चाळीस घरांचा खर्चाचा तक्ता करून द्याल का? लिफ्ट आणि बाहेर उघडणाऱ्या दारांसकट.

फावडं_घमेलं

देतो. पण सत्तावीस घरांचा.