रशियन क्रांती: लेनिन-ट्रॉट्स्की सोडून बाकीच्यांचं काय चाललं होतं?

काठावरचा:
१९१७ वर बरंच वाचून झालं. केरेन्स्की, लेनिन, ट्रॉट्स्की, कोणत्या बैठकीत कोण कुणावर उलटलं, सगळं पाठ झालं. पण पेत्रोग्रादच्या गिरणीतली बाई किंवा मॉस्कोतला व्हायोलिन वाजवणारा त्या काळात कशाची स्वप्नं बघत होता, याचा कुठे पत्ता लागत नाही. रिचर्ड स्टाइट्स या इतिहासकाराचं नाव कानावर आलंय. वाचावा का? आणि तो नेमका कुणाच्या बाजूचा? जाणकारांनी सांगावं.

उंटावरचा_शहाणा:
आधी इतिहासकार रिचर्ड पाइप्स वाचा. ऑक्टोबरमध्ये मूठभर बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, सत्ता बळकावली, एवढं कळलं की पुरे. संस्कृती-बिंस्कृती नंतर.

दुपारवाचक:
स्टाइट्स वाचाच, आणि 'रेव्होल्युशनरी ड्रीम्स' (१९८९) पासून सुरुवात करा. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवायचा, २०१० मध्ये वारला. सत्ता कुणी कशी घेतली यात तो फार रमत नाही. जुनं जग गेलं म्हटल्यावर लोकांनी रोजच्या जगण्यात काय काय करून पाहिलं, हे तो शोधतो.

त्यातलं पेर्सिम्फान्सचंच बघा. १९२२ साली मॉस्कोत लेव त्सेइतलिन नावाच्या व्हायोलिनवादकाने कंडक्टरशिवाय वाजवणारा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. कारखान्यात मालक नको, तर इथे तरी काठीवाला कशाला? वादक एकमेकांकडे तोंड करून गोलात बसायचे, त्यामुळे काहींची पाठ थेट श्रोत्यांकडे. नजरानजर झाली की सुरुवात. लय कुठे वाढवायची, कुठे रेंगाळायचं, हे सगळं चर्चा करून ठरायचं, म्हणजे तालमी किती लांबत असतील बघा! आपल्याला हसू येतं, पण मंडळी वाजवायची उत्तम. १९२७ मध्ये खुद्द संगीतकार प्रोकोफिएव त्यांच्यासोबत पियानोवर बसला. १९३२ मध्ये गाशा गुंडाळला.

आता त्याच मॉस्कोतला गास्तेव. आधी कामगार-कवी. १९२० मध्ये त्याने श्रमावर संशोधन करणारी संस्था काढली आणि छिन्नीवर हातोडा कसा हाणायचा याचे शास्त्रशुद्ध धडे सुरू केले. हाताची हालचालन् हालचाल मोजून. एकीकडे काठीवालाच नको म्हणणारे, दुसरीकडे माणसाला यंत्राची शिस्त लावणारा, आणि दोघंही क्रांतीचेच! (गास्तेव पुढे स्टालिनच्या काळात मारला गेला.) स्टाइट्स या लोकांची खिल्ली उडवत नाही आणि आरतीही ओवाळत नाही. बाजू विचारलीत म्हणून सांगतो, मला तो स्वप्नं बघणाऱ्यांच्या बाजूचा वाटतो, पण डोळे उघडे ठेवून.

@उंटावरचा_शहाणा, पाइप्स जरूर वाचावा. पण ऑक्टोबर मूठभरांचा मानला तरी फेब्रुवारीचं, म्हणजे झारची सत्ता उलथवणाऱ्या क्रांतीचं, काय करायचं? २३ फेब्रुवारीला (नव्या कॅलेंडरने ८ मार्च) पेत्रोग्रादच्या वायबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांच्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तिथले बोल्शेविक कार्यकर्ते 'आत्ता संप नको' म्हणत होते. त्या बायकांच्या डोक्यात काय होतं हे बैठकांच्या इतिवृत्तात कुठून सापडणार?

शेवंती_७:
बायकांवर त्याने वेगळं लिहिलंय का?

दुपारवाचक:
हो, १९७८ चं पुस्तक खास त्यावरच आहे. १८६० ते १९३० असा मोठा पट. १८६० च्या दशकातल्या निहिलिस्ट (जुन्या रूढी-सत्ता काहीच न मानणाऱ्या) मुलींपासून वाचायला मजा येते: केस कापलेले, डोळ्यांवर निळा चष्मा, आणि बापाच्या तावडीतून सुटायला नावापुरतं लग्न. गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्कायाने १८६८ मध्ये असंच लग्न केलं, परदेशी शिकायला जाता यावं म्हणून. शेवटाकडे झेनोत्देल येतं, पक्षाचा महिला विभाग. १९१९ मध्ये सुरू झाला आणि १९३० मध्ये बंद केला, बायकांचा प्रश्न सुटला म्हणे!

उंटावरचा_शहाणा:
फेब्रुवारीचा मुद्दा मान्य. पण हे सगळं शहरातलं. देश तर शेतकऱ्यांचा होता.

दुपारवाचक:
बरोबर. शेतकऱ्यांच्या स्वप्नांबद्दल स्टाइट्स लिहितो, पण त्याचा जीव रमतो शहरातच. शिवाय इतकी माणसं आणि मंडळं एका दमात सांगतो की काही पानं नुसती हजेरीपट वाटतात. खेड्यांसाठी ऑर्लँडो फायजिसचं 'पेझंट रशिया, सिव्हिल वॉर' घ्या, व्होल्गाकाठच्या गावांवर. तेही १९८९ चंच. जमीनदारांची जमीन गावकऱ्यांनी कशी वाटून घेतली ते त्यात तपशिलात आहे.

काठावरचा:
आभार. आधी १९७८ चं मागवतो. पेर्सिम्फान्सच्या जुन्या ध्वनिमुद्रिका कुठे ऐकायला मिळाल्या तर इथेच दुवा टाका.