कम्युनिटी कॉलेजातला ऑनर्स प्रोग्रॅम: घ्यावा की नको?

ऑरेंजकाकू
नमस्कार मंडळी. लेक ऑगस्टपासून इर्व्हाईन व्हॅली कॉलेजात जातेय, विषय बायॉलॉजी. दोन वर्षं घरी राहून मग यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्स्फर, असा बेत आहे. कॉलेजात ऑनर्स प्रोग्रॅम आहे, तो घ्यावा का? ती आठवड्याला १५ तास बोबाच्या (बबल टी) दुकानात काम करते आणि ते सोडणार नाही म्हणते. बजेट दोन वर्षांचं मिळून ८,००० डॉलर, फी, पुस्तकं, पेट्रोल सगळं धरून. त्यावर एक सेंट नाही, धाकट्याचे ब्रेसेस चालू आहेत. ज्यांच्या मुलांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

वऱ्हाडी_सॅनहोजे
आमच्या चिरंजीवांनी ऑनर्सबिनर्स काही न करता कम्युनिटी कॉलेजातून थेट बर्कली गाठलं. एक खाजगी काउन्सेलर लावा. आम्ही ४,५०० दिले, पै न पै वसूल. आणि बायॉलॉजी कशाला, कॉम्प्युटर सायन्स घ्यायला सांगा.

ऑरेंजकाकू
दादा, बजेट वर लिहिलंय हो.

तळ्यात_मळ्यात
ऑनर्स घ्याच. खरं कारण म्हणजे टॅप, ट्रान्स्फर अलायन्स प्रोग्रॅम. ऑनर्स पूर्ण केल्याचा दाखला कॉलेजाने दिला की यूसीएलएच्या (यूसीचं लॉस एंजेलिस कॅम्पस) लेटर्स अँड सायन्समध्ये अर्जाला प्राधान्य मिळतं. हमी नाही, प्राधान्य. बर्कलीला याचं काही नाही. माझी मुलगी असंच गेली, सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, डीन्स लिस्टवर.

चहाबाज
राग मानू नका, पण मुलगी हुशार आहे तर कम्युनिटी कॉलेज का? मंडळाच्या गणपतीत लोक विचारतात तेव्हा काय सांगणार?

तळ्यात_मळ्यात
@चहाबाज सांगायचं की एका युनिटला ४६ डॉलर पडतात. ६० युनिटांचे २,७६० झाले. तुमच्याकडे एका महिन्याचं डॉर्म आणि जेवण तेवढ्यात होतं का ते सांगा.

चहाबाज
पैशाचा प्रश्न नव्हता, अनुभवाचा होता. असो.

पेठेतली_पाल
आमच्या भाच्याचं ऐका. दीड वर्ष ऑनर्सचे वर्ग घेतले, रात्र रात्र जागून पेपर लिहिले, आणि अर्जाच्या वेळी कळलं की त्याचं कॉलेज टॅपमध्ये नाहीच. काउन्सेलरबाई शेवटपर्यंत "येस येस, ऑनर्स इज ग्रेट" म्हणत होत्या. कॉलेजचं नाव घेत नाही. ऑनर्स असणं वेगळं, टॅपचं सभासद असणं वेगळं. आधी विचारा, लेखी घ्या. शिवाय त्याला इंजिनिअरिंग हवं होतं आणि टॅप इंजिनिअरिंगला लागू नाही हेही तेव्हाच समजलं. वहिनी अजून बोलत नाहीत माझ्याशी, मीच सुचवलं होतं ना.

स्पष्टवक्ता_७१
एवढा व्याप कशाला? पीटीके घ्या. फाय थिटा कप्पा, १९१८ पासून चालू आहे. जीपीए (ग्रेडची सरासरी) चांगला असला की पत्र घरी येतं, फी भरली की सभासद. आमच्या सूनबाईंनी ग्रॅज्युएशनला तो सोनेरी पट्टा घातला होता, काय दिसला फोटोत!

ऑनर्सवाली
काका, पीटीके ही ऑनर सोसायटी, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांची संस्था आहे, ऑनर्स प्रोग्रॅम नाही. दोन्ही करता येतात, पण पीटीकेमुळे टॅप मिळत नाही.

काकू, मी स्वतः केलंय (दुसऱ्या काउंटीत), म्हणून लिहिते. वर्ग लहान असतो. नेहमीच्या वर्गात प्रोफेसरला नावही माहीत नव्हतं, ऑनर्सच्या इंग्लिशमध्ये आम्ही २२ जण होतो, त्यामुळे शिफारसपत्र मागायला तोंड होतं. गृहपाठ दुप्पट नसतो, पण वाचन आणि रिसर्च पेपर जास्त. हायस्कूलच्या एपीसारखा (कॉलेजच्या पातळीचे वर्ग) जीपीएत वाढीव पॉइंट मात्र इथे नाही. ऑनर्समधली 'बी' ग्रेड ही 'बी'च धरतात. हे कोणी आधी सांगत नाही. म्हणून केमिस्ट्री, कॅल्क्युलस साध्या वर्गात केलं आणि ऑनर्स हिस्ट्री, इंग्लिश, सायकॉलॉजीत उरकलं. मीही १५ तास काम करत होते, पहिल्या सेमिस्टरला एकच ऑनर्स वर्ग घेतला. बायॉलॉजीवाल्यांनी मेजरला (मुख्य विषयाला) लागणारे विषय राहू देऊ नयेत, असिस्ट या ट्रान्स्फरच्या साइटवर कॉलेजवार यादी दिसते. ते राहिले तर ऑनर्स उपयोगाचं नाही.

एच४ची_आई
धागा हायजॅक करतेय, सॉरी. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांना रहिवाशांची फी लागते की बाहेरच्यांची?

तळ्यात_मळ्यात
@एच४ची_आई कॅलिफोर्नियात एच-४ वरही रहिवासी धरतात, राज्यात वर्षभर राहिल्याचा पुरावा लागतो. वेगळा धागा काढा, लोक सांगतील.

वऱ्हाडी_सॅनहोजे
काउन्सेलरचा नंबर हवा असल्यास विपू (खाजगी निरोप) करा. ओळखीने थोडं कमी करेल.

नवा_भिडू
ऑनर्स घ्या, टॅप नावाची गोष्ट असते, यूसीएलएला प्राधान्य मिळतं. कोणी सांगितलं नाही अजून म्हणून लिहिलं.

तळ्यात_मळ्यात
🙏

ऑनर्सवाली
आणखी एक. टॅप आणि टॅग यांत गोंधळ नको. टॅग म्हणजे प्रवेशाची हमी, ती सहा ठिकाणी मिळते: डेव्हिस, इर्व्हाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. एकाच ठिकाणी करता येतो, काही मेजर त्यात नसतात. त्याचा अर्ज सप्टेंबरातच भरायचा असतो, यूसीचा मुख्य अर्ज त्यानंतर वेगळा. टॅगला ऑनर्स लागत नाही.

ऑरेंजकाकू
सगळ्यांचे आभार. लेकीला अख्खा धागा वाचून दाखवला. निकाल असा: ऑनर्स घेतेय, सेमिस्टरला एक वर्ग. पण यूसीएलए नको म्हणते. टॅग करणार आणि तोही रिव्हरसाइडला! मी म्हटलं, अगं, त्या यादीखेरीज एकानेही रिव्हरसाइडचं नाव काढलं नाही. तर म्हणे तिथे एन्टोमॉलॉजी आहे. कीटकशास्त्र. ते कॅम्पस मुळात १९०७ मध्ये लिंबू-संत्र्यांच्या संशोधन केंद्रापासून सुरू झालं, किड्यांवरचं काम तिथे बरंच जुनं. हिला लहानपणापासून डबीत भुंगे ठेवायची खोड. बाबा अजून गप्प आहेत. बोबाचं काम चालूच.

वऱ्हाडी_सॅनहोजे
किडे?? ताई, पुन्हा विचार करा. फोनवर बोलू.

चहाबाज
यूसीएलए मिळण्यासारखं असताना सोडायचं म्हणजे कमाल आहे.

पेठेतली_पाल
मिळालं नव्हतं हो अजून, अर्जच दीड वर्षाने आहे.

स्पष्टवक्ता_७१
काकू, ते किडे राहू द्या, पण लेकीला एक विचारा. आमच्या परसातल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा आल्यात आणि पानं चुरमडतात. फोटो टाकू का?

ऑरेंजकाकू
विचारलं. नागअळी म्हणे, पानाच्या आत शिरून पोखरते. झाड मोठं असेल तर फवारू नका, सोसतं ते. फोटो टाकाच म्हणतेय.