'कॉन्झर्व्हेटरी'ला मराठीत काय म्हणावे?

परदेशस्थ: आमचे इंग्लंडमधले घर 1930च्या दशकातले सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेले, आहे. परसदारी काचेची खोली काढायची आहे आणि ती प्रामुख्याने सासूबाईंसाठी असल्यामुळे माहितीपत्रकातले प्रकार मी त्यांना मराठीत लिहून देत आहे. 'कॉन्झर्व्हेटरी'साठी 'हरितगृह' लिहिले, तर त्यांच्या डोळ्यांपुढे ढोबळी मिरचीचा मळा उभा राहिला. 'लीन-टू'साठी 'टेकलेले छप्पर' लिहिले, तेव्हा चित्र पाहून त्या म्हणाल्या, "अगं, ही तर पडवी!" त्या राजापूरच्या आहेत. माझे माहेर सोलापूरकडचे, माळवदाचे. पडवी मी वाचली आहे, पण तिच्यात बसलेली नाही. हा शब्द चालेल का, आणि व्हिक्टोरियन, एडवर्डियन, गेबल, ऑरेंजरी यांना काय म्हणावे?

कौलारू: सासूबाईंचे बरोबर आहे. घराच्या भिंतीला लागून एकाच उताराच्या छपराखाली जी जागा निघते ती पडवी, आणि 'लीन-टू' म्हणजे नेमके तेच. छप्पर उताराने खाली पडते म्हणून पडवी, असा माझा तर्क आहे. बाकीचे प्रकारही छपरावरूनच ओळखावेत. गेबलमध्ये आढ्याच्या दोन्ही अंगांना उतार असून समोरचा त्रिकोण उभा राहतो, म्हणून ते दुपाखी. एडवर्डियन चौकोनी असून त्याचे छप्पर सगळीकडे उतरते, म्हणून ते चौपाखी. व्हिक्टोरियनचे तोंड तीन किंवा पाच पैलूंचे, छप्पर चढे आणि आढ्यावर नक्षीची पट्टी असते. त्याला आपल्याकडे शब्द नाही, तेव्हा 'पैलूदार' म्हणावे.

शब्दवेल्हाळ: एडवर्डियनला चौपाखी म्हणता येणार नाही. त्याची चौथी बाजू घराच्या भिंतीला भिडलेली असल्यामुळे तिकडे उतारच नसतो, पाखी तीनच. पण माझा खरा आक्षेप 'पडवी'वर आहे. पडवीत माणूस ऊन आणि पाऊस चुकवायला बसतो, काचेच्या खोलीत ऊन घ्यायला बसतो. केवळ आकार जुळला म्हणून नाव देऊ नये. 'कॉन्झर्व्हेटरी'च्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'राखणे' असा आहे. युरोपात थंडीपासून संत्र्या-लिंबांची झाडे राखण्यासाठी अशा वास्तू बांधत, आणि ऑरेंजरीचे नाव त्यावरूनच आले. मी 'ऊबघर' सुचवतो.

कौलारू: ऊब जानेवारीत शोधून सापडणार नाही आणि जुलैत दक्षिणेकडच्या काचेखाली बसवणार नाही. आमच्या पडवीत मधल्या वाशाला टांगलेला झोपाळा होता, कोपऱ्यात भाताचे कणगे होते, आणि पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पायरीवर पडून तिथे वाटीएवढे खळगे झाले होते. त्याच जागेत आजी दुपारी ऊन खात बसे. शब्द माणसांच्या वापराने ठरतो.

मध्यममार्गी: इंग्लंडमधले मराठी लोक 'कॉन्झर्व्हेटरी'च म्हणतात आणि ते सर्वांना कळते, तेव्हा तोच शब्द ठेवावा. पाश्चात्त्य संगीताच्या विद्यालयांनाही हेच नाव असल्यामुळे लेखनात संदर्भ स्पष्ट असावा, इतकेच. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 साली उठेपर्यंत ही चैन बड्या जमीनदारांचीच होती. उद्यानतज्ज्ञ जोसेफ पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्या सरदारी वाड्याच्या बागेत बांधलेले प्रचंड काचघर त्याआधीचे. 'काचघर' हा शब्द मला बरा वाटतो.

परदेशस्थ: आपल्या उत्तरांनंतर मी टेप घेऊन बाहेर गेले. वरच्या मजल्यावरच्या खिडकीची खालची कड आणि स्वयंपाकघराच्या दाराचा माथा यांत जेमतेम एक मीटर अंतर आहे. व्हिक्टोरियनचे चढे छप्पर तिथे खिडकीच्या मधोमध येईल. शिवाय अशा घराच्या मागच्या भिंतीपासून 3 मीटरच्या पुढे जायचे तर वेगळ्या परवानगीविना बांधण्याच्या नेहमीच्या मुभेत काम होत नाही. म्हणजे मंद उताराचे छप्पर, पन्हळ पुढच्या कडेला, आणि आकाराने पडवीच. मी कागदावर 'काचपडवी' लिहिले आहे.

शब्दवेल्हाळ: 'काचपडवी'ला माझा विरोध कायम आहे, आणि 'ऊबघर'ही मागे घेत नाही. मात्र आपण सोलापूरकडच्या आहात, तर 'ओसरी' का नको?

परदेशस्थ: आमच्याकडे ओसरी घराच्या आत, चौकाच्या कडेला असते, ती परसात कशी जाईल?

कौलारू: आमच्याकडे ओटीच्या आतल्या भागाला ओसरी म्हणतात. चौकाच्या कडेला असतो तो सोपा.

परदेशस्थ: सोपा निराळा. तो दिंडी दरवाजातून आत आल्यावर लागतो.